अडतीस टॉर्पेडो आणि पुरुमेंत

१९९५ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' मालिकेत एक यान घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर जाऊन पडतं. परतायला पंचाहत्तर वर्षं लागणार, आणि वाटेत ना आपलं बंदर, ना गोदी. पहिल्याच सीझनमध्ये कप्तान जेनवेपुढे हिशोब येतो : फोटॉन टॉर्पेडो, म्हणजे यानावरून डागायची स्फोटक अस्त्रं, ३८, आणि ती संपली की नवे मिळायची सोय नाही. त्या मालिकेतल्या सगळ्या लढाया एकीकडे आणि माझ्या मते हा संवाद एकीकडे.

म्हापशाचा माझा भाचा याच्या अगदी उलट. "मामा, 'स्टार वॉर्स'मधलं स्टार डिस्ट्रॉयर आणि 'स्टार ट्रेक'मधलं एंटरप्राइज ही यानं समोरासमोर आली तर कोण जिंकेल?" मी विचारतो, "लढाई किती महिने चालणार आहे?" तो वैतागतो. त्याच्या हिशोबी लढाई दहा मिनिटांत आटपते.

माझा दोष नाही. आमच्या गोव्यात मे महिन्यात माणूस पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या साठ्याच्या, मागे असतो. सुकी सुंगटां (कोळंबी), खारे बांगडे, सोलां (आमसुलं), मिरच्या, कांद्याच्या माळा, उकडे तांदूळ. जून-जुलैत ट्रॉलर बंद, वर पाऊस. घरात भरलंय त्यावरच निभवायचं. भरून ठेवणं कोणालाही जमतं. खरी हुशारी हात आखडण्यात असते. बाजारात ताजी मासळी मिळतेय तोवर सुंगटांच्या डब्याला हात लावलेला आईला खपत नाही. जेनवेच्या जागी ती असती तर पहिल्या चकमकीत टॉर्पेडो सुटलाच नसता.

व्हॉयेजरवर मात्र तो सर्रास सुटतो. चाहत्यांनी सात सीझनची मोजदाद केली, आकडा ३८ च्या केव्हाच पुढे गेला. फेझरचं, म्हणजे यानावरच्या किरणतोफेचं, एक वेळ समजू शकतो, तो यानाच्याच ऊर्जेवर चालतो. इंधन आहे तोवर मारा चालू. टॉर्पेडोच्या पोटात मात्र प्रतिद्रव्य (अँटिमॅटर) लागतं, जे साध्या द्रव्याला भिडताच दोन्ही नष्ट होऊन ऊर्जा सुटते. एक किलो प्रतिद्रव्य एक किलो द्रव्याला भिडलं तर सुमारे ४३ मेगाटनांचा स्फोट होतो. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने उडवलेला आजवरचा सर्वांत मोठा बॉम्ब साधारण ५० चा होता. शिवाय हा माल कुठल्याच भांड्यात ठेवता येत नाही. भांड्याच्या भिंतीला टेकला की संपलं. तो चुंबकीय क्षेत्रात अधांतरी तोलून धरावा लागतो, म्हणजे कोठार सांभाळायलाही ऊर्जा हवीच.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मालिका जास्त प्रामाणिक आहे. हवं ते बनवून देणारी यंत्रं आहेत, पण ऊर्जा वाचवायची म्हणून रेशन लागतं. कप्तानाच्या खाजगी जेवणघरात यानाचा स्वयंपाकी नीलिक्स चूल मांडतो, मालाच्या खोलीत भाजी पिकते. जेनवे कॉफी सोडते आणि समोर तेजोमेघ दिसला की तिला त्यात कॉफी दिसू लागते! तोफांपेक्षा मला ही बाई तिथे जास्त ओळखीची वाटली.

२००४ च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'त पाण्याच्या टाक्या फुटतात आणि सगळा ताफा पाणी शोधत फिरतो. त्याच मालिकेतलं पेगॅसस हे जहाज नवी लढाऊ विमानं स्वतःच्या पोटातच बनवतं. भाच्याला मी सांगितलं, माझं मत पेगॅससला. तिथला कप्तान कसाही असो, कारखाना आहे ना.

खरी जहाजं हे कोडं कसं सोडवतात ते पाहायला लांब जायला नको. 'म्हादेई' ही शिडाची होडी इथेच, दिवाडी बेटावर बांधली गेली. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, वाटेत चार बंदरांवर थांबत. मग २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच होडीतून कुठेही न थांबता फिरून आले. होडी तीच, समुद्र तोच. पण बंदरं वगळली की शिध्यापासून सुट्या भागांपर्यंत सगळं निघतानाच ठरवावं लागतं.

भाचा म्हणाला, "त्यात तोफा नव्हत्या, मामा." खरंय. पण व्हॉयेजरच्या लेखकांनी सात वर्षांत एक पूर्ण भाग कार्यशाळेत घालवायला काय हरकत होती? एकोणचाळिसावा टॉर्पेडो बनवायचा तर महिनाभर कोणाचं गरम जेवण बंद करायचं, यावर कप्तान आणि नीलिक्स यांचं कडाक्याचं भांडण. मी तर तो भाग दोनदा पाहिला असता.