तुम्ही विचारलंत म्हणून: या महिन्यात काय पाहिलं आणि जुना सिनेमा बघवत का नाही

सांगलीत सिनेमावाल्या माणसाला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "या महिन्यात काय काय बघितलंसा?" त्याच्या पाठोपाठ दुसरा, "आम्ही जुना मराठी सिनेमा लावला, पण अर्ध्यातच बंद केला. तुम्हाला कसा काय आवडतो?" दोन्हींचं उत्तर एकत्रच द्यावं लागतं, कारण बहुतेक वेळा दोष सिनेमाचा नसतो. हाती आलेली प्रत खराब असते, नाहीतर टीव्हीचं सेटिंग चुकलेलं असतं.

या महिन्यात प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) पुन्हा पाहिला. दामले-फत्तेलालांच्या या सिनेमाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मते त्याचा कणा मात्र गौरीबाईंनी केलेली तुकारामांची बायको जिजाई आहे. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनिस अभंगात बुडालेले आणि ही बाई पोरांच्या पोटाला काय घालू म्हणून कावलेली. दोघांपैकी कुणीच चुकीचं वाटत नाही, म्हणून आजही हा सिनेमा नुसता भक्तिपट राहत नाही.

आता हाच सिनेमा तुमच्याकडे कसा दिसतो बघा. त्याची चौकट जवळपास ४:३ आणि तुमचा टीव्ही १६:९. रिमोटवर 'फुल' दाबलं की चित्राची रुंदी एक तृतीयांशाने वाढते. पागनिसांचा चेहरा पसरट होतो आणि तल्लीनता सुस्ती वाटायला लागते. 'झूम' केलं तर उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो, म्हणजे कपाळ तरी जातं नाहीतर टाळ धरलेले हात तरी. ओळखायची खूण सोपी आहे. समोरून दिसणारं गाडीचं चाक किंवा टाळ गोल दिसतोय का ते पाहा. अंडाकृती असेल तर 'पिक्चर साइज'मध्ये जाऊन ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडा. प्रत चढवणाऱ्यानेच चित्र ताणलं असेल तर टीव्ही काही करू शकत नाही. फाइल संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडायची आणि ४:३ येईपर्यंत 'ए' दाबत राहायचं. बाजूला काळ्या पट्ट्या दिसणारच, घरातलं कुणीतरी पडदा भरत नाही म्हणून कुरकुरणारच. तरी पट्ट्या राहू द्याव्यात. कृष्णधवल चित्राला हिरवट-गुलाबी झाक असेल तर टीव्हीचा 'कलर' शून्यावर आणा. एवढ्यानेच निम्मा सिनेमा परत मिळतो.

'पिंजरा'ची (१९७२) गोष्ट वेगळी. शांतारामबापूंचा हा सिनेमा मला उत्तरार्धात जास्त भिडतो. गावाने मेला समजून ज्याचा पुतळा उभारला तोच मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहतो, आणि खरं सांगितलं तर गावाचा आदर्श मोडेल अशी त्याची कोंडी होते. पूर्वार्धातला बोध फार ठळक आहे, पण राम कदमांची गाणी तो पेलून नेतात. मात्र ही गाणी तुम्हाला बारीक, चिरकी वाटली असतील तर त्यालाही कारण आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या आणि व्हीसीडीच्या जमान्यात तो २५ ने चालवून उतरवत. वेग चार टक्क्यांनी वाढतो, दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं आधी संपतो आणि आवाजाची पट्टी अर्ध्या स्वराहून थोडी कमी चढते. ढोलकी ऐकणाऱ्या कानाला ते लगेच कळतं. व्हीएलसीत वेग ०.९६ ठेवा. पण त्याआधी ऑडिओच्या सेटिंगमधलं 'टाइम स्ट्रेचिंग' बंद करा, नाहीतर वेग उतरतो आणि पट्टी चढलेलीच राहते. व्हीसीडीवरून घेतलेल्या प्रतीत आणखी एक खोट असते. सिनेमा दोन तबकड्यांवर असायचा आणि जोडाच्या जागी एखादं वाक्य गायब होतं. मध्यंतराच्या आसपास काही कळलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

सगळ्यात जास्त मन लावून पाहिला तो 'सामना'. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. निळू फुल्यांचा हिंदुराव ओरडत नाही, आदरातिथ्य करतो, आणि त्या आदरातिथ्याचीच भीती वाटते. समोर डॉ. लागूंचा दारुडा मास्तर. लागूंचा जन्म साताऱ्याचा, पण केवळ आपला माणूस म्हणून कौतुक नाही. "मारुती कांबळेचं काय झालं?" हा एकच प्रश्न ते दर वेळी वेगळ्या वजनाने टाकतात. ते वजन कळायला आवाज नीट पोचला पाहिजे. चपट्या टीव्हीचे स्पीकर भिंतीकडे किंवा खाली तोंड करून असतात, त्यात पुटपुटणं विरून जातं. घरात जुना अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर पडून असतील तर टीव्हीला जोडा, स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवा आणि बास कमी करा. जुन्या ध्वनिपट्टीत खाली बहुतेक घरघरच असते. नव्या सिनेमात संवाद बारीक आणि गाणी कर्कश येत असतील तर टीव्हीचा ऑडिओ आउटपुट 'पीसीएम' करून बघा.

'स्वदेस' (२००४) वाईजवळच्या मेणवलीच्या घाटासाठी आपल्या भागात सगळे बघतात. पडद्यावर ते उत्तरेतलं चरणपूर आहे, पायऱ्या मात्र आपल्या कृष्णेच्याच. वीजनिर्मितीचा भाग मला आखीव वाटतो. फलाटावर पंचवीस पैशाला पाणी विकणारं पोर त्या सगळ्यापेक्षा जास्त बोलून जातं. हा सिनेमा बघताना टीव्हीची हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कुणी तिला 'ट्रूमोशन' म्हणतं, कुणी 'मोशनफ्लो'. ती चालू असली की सिनेमा मालिकेसारखा दिसतो. चित्राचा मोड 'विविड' नको, 'सिनेमा' ठेवा.

यातला एकच बघायला सवड असेल तर 'सामना' लावा. ४३ इंची टीव्ही असेल तर पाच-सहा फुटांवर बसा, ट्यूबलाइट बंद करा, टीव्हीच्या मागे एखादा मंद दिवा चालेल, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.