आत्याची कवळी

गेल्या वर्षी मे महिन्यात कराडला आत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. हॉल घेतलेला, दीडशे पानं उठली, एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, वर पेढेतुला पण केली. तराजूत आत्या भरली अडतीस किलो. अडतीस! त्यावर कुणीतरी म्हणालं की बरंय, पेढे कमी लागले, आणि सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले, मी हार्ट टाकलं आणि पुण्याची बस पकडली.

त्या दिवशी एक गोष्ट दिसली होती, पण डोक्यात शिरली नाही. पंगतीत आत्यानं नुसता मठ्ठा प्यायला आणि मसालेभातावर तोच ओतून चार घास गिळले, पुरीला हात नाही, जिलेबीला नाही. आणि सगळ्या फोटोत पदर तोंडावर. मी विचारलं जेवत का नाहीस, तर म्हणाली सकाळपासून पेढेच चाललेत गं, पोट भरलंय. मला ते पटलं कारण मला ते पटायला सोयीचं होतं.

दिवाळीत दोन दिवस राहायला गेले तेव्हा कळलं. सकाळी ती रात्रीची चपाती चहात बुडवून बसायची, ती फुगून पार लगदा होईपर्यंत, मग चमच्यानं खायची. दुपारी भाकरी आमटीत कुस्करून, तिची वरची पापुद्र्याची बाजू काढून ठेवायची कारण ती गळत नाही. मी कपाटात ओडोमॉस शोधत होते तर एक स्टीलची डबी हाताला लागली, आत रुमालात गुंडाळलेली वरची कवळी, मधोमध दोन तुकडे. त्याच्या आदल्या वर्षीच्या गणपतीत हातातून मोरीत पडून फुटली होती. म्हणजे चौदा महिने. त्या चौदा महिन्यांत हॉल बुक झाला, पत्रिका छापल्या, पैठणी आली, फोटोग्राफर आला, कवळी मात्र डबीत.

"सांगितलं होतं दोनदा," आत्या म्हणाली. "तो म्हणाला बघू. मग सारखं काय सांगायचं?"

आता हे लिहिताना भीती अशी वाटते की वाचणाऱ्याला दादा, आत्याचा मुलगा, म्हणजे कुणी राक्षस वाटेल. तसा तो अजिबात नाही. खतं-औषधांचं दुकान आहे, उधारीवर शेतकऱ्यांना सांभाळून घेतो, आईवर कधी आवाज चढवलेला मी तरी ऐकला नाही. हात उगारणं वगैरे तर लांबच. आणि गोची तिथंच आहे. पेपरात येतं ते म्हातारीला मारलं, स्टेशनवर सोडून दिलं, कुंभमेळ्यात हरवली म्हणून टाकून आले, ते वाचून आपण चुकचुकतो आणि मनात म्हणतो आमच्याकडं तसलं काही नाही बाबा. आमच्याकडं फक्त फोनचं रिचार्ज संपलेलं असतं दोन महिने. आमच्याकडं पाहुणे आले की "आई, तू आत पड जरा" असतं.

आत्या झेडपीच्या शाळेतली रिटायर्ड मास्तरीण, पेन्शन येते, चांगली येते. एटीएम कार्ड दादाकडं, तुला कशाला रांगा म्हणून. पिन नातवाचं जन्मसाल, तिनंच ठेवलेला. म्हणजे या बाईला स्वतःच्या दातासाठी स्वतःचेच पैसे मागायला लागत होते, आणि मास्तरणीला मागायची सवय नाही.

वहिनीशी स्वयंपाकघरात माझं वाजलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही दोन दिवस येता, फराळ खाता आणि आम्हाला शिकवता. रात्री तीनदा उठून त्यांना बाथरूमला मी नेते. चादरी मी धुते. त्यांची सख्खी लेक मुंबईत बसून फक्त फोनवर चौकशी करते." सगळं खरं होतं. मला उत्तर देता आलं नाही. एक मात्र त्या रात्री जाणवलं, सगळ्या गावाचं बोट सुनेकडं जातं, आणि मुलगा दुकानातून येऊन ताटावर बसतो तो सगळ्यातून सुटतो, मीसुद्धा आधी वहिनीशीच भांडले की नाही, दादाशी नाही. आणि लेक? ती येत नाही कारण २०१७ मध्ये आत्यानं घर बक्षीसपत्र करून दादाच्या नावावर केलं. मुलाला राहतं घर बक्षीस द्यायचं तर आपल्याकडं मुद्रांक शुल्क २०० रुपये, बाकीची फी वेगळी. दोनशे रुपयात एक बहीण तुटली.

रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर कायदा वाचत बसले. २००७ चा केंद्राचा कायदा आहे, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. अर्ज करायला कोर्ट नको, प्रांत अधिकाऱ्याकडं करायचा, वकिलाची गरज नाही, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असं लिहिलंय, पोटगी महिन्याला जास्तीत जास्त १० हजार. मुलगाच नाही, मुलगीही जबाबदार, सज्ञान नातवंडं पण. म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कलम २३, म्हणजे सांभाळायच्या अटीवर घर दिलं आणि नाही सांभाळलं तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण ती अट कुठंतरी असायला लागते. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका केसमध्ये तेच म्हटलं की अटच नाही तर कलम लागत नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या केसमध्ये कोर्टानं कायदा जरा सैल हातानं वाचला आणि बक्षीसपत्र रद्द केलं, पण तिथं मुलानं सांभाळीन म्हणून वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं. आत्याच्या कागदावर काय आहे? "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी". सगळ्यांच्याच कागदावर हे असतं, टायपिस्टच्या कॉम्प्युटरमध्ये ते आधीपासूनच टाईप करून ठेवलेलं असतं. त्यामुळं कुणाच्या घरात बक्षीसपत्र चालू असेल तर ती एक ओळ घालून घ्या, मुलगा कितीही गुणाचा असला तरी. गुणाचा असेल तर त्याला ती ओळ टोचणार पण नाही.

लातूर झेडपीनं मागं ठराव केला होता की जे कर्मचारी आईबापाला सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातले ३० टक्के कापून थेट आईबापाच्या खात्यात टाकायचे. मला तो फार आवडला होता. दादाला पगारच नाही, काय कापणार.

सकाळी मी आत्याला हे सगळं सांगितलं, १४५६७ ची हेल्पलाइन पण सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, पोरानं पाढे म्हणून दाखवावेत तसं. मग म्हणाली, "बरं, केला अर्ज. प्रांतानं बोलावलं, दादा आला, निकाल माझ्यासारखा लागला. मग त्या दिवशी संध्याकाळी मी जेवायला कुठं बसू?"

मी पुण्याला चल म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. आमचं घर दोन खोल्यांचं, मुलीचं दहावीचं वर्ष, सगळी कारणं तयार होती आणि सगळी खरी होती, वहिनीच्या कारणांइतकीच खरी.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतो. ही एक तारीख घरात कुणी विसरत नाही, कारण आत्या जिवंत आहे हे बँकेत सिद्ध झालं नाही तर पेन्शन अडकते. मी दादाला म्हटलं यंदा मी नेते, तुझं दुकान चालू दे. बँकेत अंगठा झाला आणि मी पासबुक प्रिंट करून घेतलं, दोन वर्षं भरलंच नव्हतं. आत्या बाकावर बसून भिंगानं एकेक ओळ वाचायला लागली, पेपर तपासल्यासारखी, बोट ठेवून. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एका ओळीवर बोट थांबलं. एप्रिल महिना, मोठी रक्कम, पुढं केटररचं नाव. त्याच्या वर हॉलचा अ‍ॅडव्हान्स.

"म्हणजे पेढे माझेच होते की," ती म्हणाली आणि पासबुक मिटून पिशवीत टाकलं. कार्ड बंद करूया का विचारलं तर नको म्हणाली. ठामपणे नको.

तिथून दाताच्या डॉक्टरकडं गेलो. ते म्हणाले जुनी जोडून उपयोग नाही, एवढ्या दिवसात हिरड्या झिजल्यात, नवीनच करावी लागेल, पाच खेपा. पहिली खेप माझी. बाकीच्या चार तिच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं रिक्षातून केल्या, तो आता स्वतः आजोबा आहे, बाईंना अजून अहो-जाहो आणि रिक्षात बसल्यावर नमस्कार. पैसे मी दिले, ते दादाला कळल्यावर त्याला फार अपमान वाटला. माझ्याशी तो अजून धड बोलत नाही. ग्रुपवर मात्र गुड मॉर्निंग टाकतो, सगळ्यांना मिळून.

मागच्या आठवड्यात आत्याचा फोन आला. रिचार्ज आता मी करते. म्हणाली, "वरची डावीकडं थोडी टोचते अजून. काल भाजलेले शेंगदाणे खाल्ले. रात्रीच खाल्ले, सगळे झोपल्यावर. दादा बाहेर येऊन विचारतोय, कुडूमकुडूम आवाज कसला येतोय म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, उंदीर असंल."