दोन कडवी, दहा मिनिटं

२७ जानेवारी, रात्री

गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमधलं भक्तिसंगीत, गाणारी महालिया जॅक्सन १९७२ साली याच तारखेला शिकागोजवळ वारली. त्याच्या दोन आठवडे आधी, १३ आणि १४ जानेवारीला, गायिका अरीथा फ्रँकलिन लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री गायली. पूर्वी तिथं सिनेमाचं थिएटर होतं. पहिल्या रात्रीच्या 'अमेझिंग ग्रेस' या स्तोत्रामध्ये पियानोवर बसलेल्या रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँडना रडू आवरेना. पियानो सोडून ते बाजूला जाऊन बसले आणि त्यांनी रुमालात तोंड लपवलं. हा माणूस जन्मभर गॉस्पेलच शिकवत आणि बसवत आला होता. तो कशानं मोडला, याची ही नोंद.

आवाजाच्या ताकदीनं, हे उत्तर अपुरं आहे. या स्तोत्राच्या कडव्यात चार ओळी, अक्षरं ८-६-८-६. रविवारच्या सरळ चालीत, तीन मात्रांच्या ठेक्यात, एक कडवं पाऊण मिनिटाच्या आत आटपतं. अरीथा जेमतेम दोन कडवी घेते आणि दहा मिनिटांच्या वर जाते. ठेका सोडूनच दिलेला. एकेक शब्द लांबवायचा, त्यावर खालून वर चढायचं, टोकाला पोचल्यासारखं करून परत फिरायचं, आणि थांबायचं. त्या थांबण्यात सगळं आहे. तिथं समोरून कुणीतरी 'येस!' म्हणतं, कॉयरमधून, म्हणजे मागच्या गायकवृंदातून, कुणी उठून उभं राहतं, आणि पुढची ओळ त्या हाकेच्या उत्तरादाखल येते.

ही पद्धत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलीच, जुनी. स्तोत्रांची पुस्तकं नव्हती, पुष्कळांना वाचताही येत नव्हतं. मग एकानं ओळ सांगायची आणि जमलेल्यांनी ती ठेक्याविना ओढून ओढून म्हणायची. याला 'डॉक्टर वॉट्स' म्हणतात. नाव आयझॅक वॉट्स या इंग्रज स्तोत्रकाराचं, पण स्तोत्र कुणाचंही असलं तरी या गायकीला हेच नाव. तोंड मिटून घशातल्या घशात काढलेला हुंकार, म्हणजे 'मोन', हाही तिथलाच. शब्द सैतानाला कळतात, हुंकार कळत नाही, असं जुनी माणसं म्हणत.

महालियाची जडणघडण मात्र एवढ्यावरच झाली नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये तिच्या घराशेजारी 'सँक्टिफाइड' पंथाचं चर्च होतं. तिथं ऑर्गन नाही. ढोल, झांजा, खंजिरी आणि पायांचा दणका. संथ हुंकार एका चर्चचा, ठेका दुसऱ्या चर्चचा. दोन्ही तिच्या गळ्यात एकत्र नांदले. नोटेशन तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पियानोवर मिल्ड्रेड फॉल्स लागायची. ती तालाच्या पट्टीनं नाही, महालियाच्या श्वासानं वाजवायची. पुढं मोठ्या कंपनीत व्हायोलिनांचा ताफा मागं बसवून रेकॉर्डिंगं झाली, ती छान गुळगुळीत आहेत आणि बरीचशी निर्जीवही. लिहिलेल्या स्वरलिपीला थांबता येत नाही. बाईनं एक अक्षर दोन मात्रा जास्त धरलं की तीस वादक पुढं निघून गेलेले असतात!

संथ भाग झाल्यावर येतो 'व्हॅम्प'. दोन-चार शब्दांचा तुकडा, कॉयर तोच घोळवत राहतो, मुख्य गायिका त्यावर मोकळी सुटते. आपल्या भजनातल्या गजराची आठवण होते, पण फरक मोठा आहे. गजरात लय दुपटीकडे धावते. चांगल्या व्हॅम्पमध्ये लय जागची हलत नाही, चढतं ते बाकी सगळं: कॉयरचे तीन थर (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास बहुधा नसतोच) एकेक करून भरतात, सूर अर्ध्या पट्टीनं वर सरकतो. टाळी चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिल्या-तिसऱ्यावर टाळ्या पडू लागल्या की गाणं लष्करी बँडसारखं चालू लागतं.

ऑर्गनची एक गंमत. हॅमंड ऑर्गनला लेस्ली स्पीकर जोडलेला असतो, त्यात आवाज फिरवणारे भाग खरोखर गरगर फिरतात. खटका दाबला तरी ते लगेच वेग पकडत नाहीत, काही क्षण जातात. आवाज फुगत, थरथरत वर येतो तो त्या क्षणांत. म्हणून चढ येण्याच्या किंचित आधी खटका दाबावा लागतो. नवखा ऑर्गनवाला सुरुवातीपासूनच वेगात ठेवतो, मग शेवटी चढवायला काही उरत नाही. ड्रमरचंही तेच: भरात लय ढकलली की गायिकेचे श्वास तुटतात. साउंडवाल्यानं तर हात आवरलेलेच बरे. पुकारीच्या वेळी गायिका माइक स्वतःच लांब नेते. त्यानंही त्याच क्षणी आवाज कमी केला, तर पुकार कुजबुजीएवढी होऊन बसते.

लोकांच्या हाकेबद्दल आणखी एक. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण चालू असताना मागून महालियानं, त्या स्वप्नाचं सांग, असं ओरडून सांगितल्याचं सर्वश्रुत आहे. बाहेरच्यांना तो आगाऊपणा वाटतो. चर्चमध्ये ती रोजची रीत: बोलणारा अडखळला, चाचपडू लागला, की बाकावरून त्याला हात द्यायचा. १९७१ मध्ये भारत दौऱ्यात ती मुंबईतही गायली. कीर्तनात टाळकऱ्यांनी ध्रुवपद उचललेलं ऐकणाऱ्या शहराला हे परकं वाटायचं काही कारण नव्हतं.

अरीथाच्या त्या दोन रात्रींचं चित्रीकरणही झालं होतं, पण क्लॅपरबोर्ड, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला शॉटच्या सुरुवातीला आपटतात ती पाटी, वापरलाच नाही. चित्र आणि आवाज जुळेनात, आणि चित्रपट लोकांपुढं यायला २०१८ उजाडलं. ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी, १९७२ लाच निघाली होती. ती ऐकताना एकदा अरीथाकडे कानाडोळा करावा आणि फक्त मागचे लोक ऐकावेत. पहिल्या ओळीला ते आपापले, विखुरलेले बोलतात. शेवटाकडे तिनं श्वास घेतला, की आवाज त्यांचा येतो.