नाणेघाट: खर्च भिंतीवर, जमा वाटेवर

नाणेघाटात वरून गाडीने जाता येतं. जुन्नरहून घाटघरमार्गे डांबरी रस्ता थेट पठारावर पोचतो आणि आता बहुतेक मंडळी तशीच येतात. पहिल्यांदा जाणार असाल तर तसं करू नका. खालून, वैशाखऱ्याकडून चढा. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे ज्या वाटेने चढायचा ती ही वाट. ती पायाखाली आली नाही, तर वरच्या लेण्यात काय लिहून ठेवलंय त्याचा अर्धाच अर्थ लागतो.

कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणारी कुठलीही एसटी चालते. मुरबाड, टोकावडे, वैशाखरे करत गेलात की गावाच्या थोडं पुढे डाव्या-उजव्या वळणांत नाणेघाटाचा फलक दिसतो. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, एरवी गाडी सुसाट पुढे निघून जाते. सुरुवातीची वाट जंगलातून, जवळजवळ सपाट, ओढे ओलांडत जाते. खरी चढण शेवटच्या टप्प्यात. तिथे फरसबंदीचे दगड आणि झिजलेल्या पायऱ्या लागतात. रमतगमत चढायला तीन तास धरा. पाणी माणशी तीन लिटर न्या. वर कातळात खोदलेली टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर निघू नका.

ही टाकी मात्र नीट बघा. इथल्या एका छोट्या लेखात सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. तिथल्या माणसाला इतक्या दूर, घाटमाथ्याजवळ, टाकं खोदून द्यावंसं वाटलं, यावरून या वाटेवर त्याच्या गावची किती ये-जा असेल ते समजतं. वरच्या लेण्यातल्या राजाराणीच्या लेखापुढे या नोंदीकडे कुणी वळून बघत नाही. मला तीच जास्त आवडते.

मुख्य लेणं घाटाच्या खिंडीच्या जरा खाली आहे. मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आता पायांच्या खुणा आणि वर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावं तेवढी उरलीत: राजा सिमुक, राणी नागनिका आणि तिचा नवरा सातकर्णी, कुमार हकुसिरी, एक महारठी (म्हणजे मोठा सरदार). माणसं गेली, पाट्या राहिल्या. १८२८ साली ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने या लेखांची नोंद केली, पुढे पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी त्यांतल्या अंकांचा बारकाईने अभ्यास केला.

खरी मेजवानी बाजूच्या दोन भिंतींवर आहे. नागनिकेचा तो मोठा लेख. भाषा प्राकृत. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव (म्हणजे बलराम-कृष्ण), चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या लोकपालांना नमस्कार. मग राणीचं वर्णन: महिनाभर उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी. आणि त्यानंतर चक्क हिशोब. अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ, आणि कुठल्या यज्ञाला काय दक्षिणा दिली त्याची यादी. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी. एका ठिकाणी १,१०१ गाई, एका ठिकाणी १०,००१, कुठे २४,४०० कार्षापण. तो वरचा एक बघितलात? आपल्या आहेराच्या पाकिटातल्या वरच्या रुपयाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दोन्हींचं नातं एकच आहे असा माझा दावा नाही, पण भिंतीसमोर उभं राहून हसू आलं.

हे आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात मोडतात. शून्य नाही, एकक-दशक-शतक अशी जागेवरून किंमतही नाही. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, चार बेरजेच्या चिन्हासारखा. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं. हजाराच्या चिन्हाला चाराची जोड दिली की चार हजार, दहाची दिली की दहा हजार. निघण्यापूर्वी या चिन्हांचा तक्ता मोबाइलवर उतरवून घ्या, कारण तिथे नेटवर्कचा काही भरवसा नाही. अक्षरं झिजलेली आहेत. टॉर्च समोरून मारला तर काहीच दिसत नाही, भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका धरा, सावल्या पडल्या की रेघा उठून येतात. खडू, पाणी, बोट काहीही भिंतीला लावू नका. अलीकडच्या प्रेमवीरांनी आधीच पुरेसं कोरून ठेवलंय.

पण गंमत अशी की वाचता येतं तेवढं सगळं खर्चाचं पान आहे. एवढ्या गाई आणि नाणी आली कुठून, ते भिंत सांगत नाही. जमेची बाजू बाहेर पडून शोधायची. लेण्यातून वर, दोन्ही बाजूंच्या कड्यांमधल्या अरुंद खिंडीतून चढलात की माथ्यावर भला मोठा दगडी रांजण दिसतो. त्यात जकातीची नाणी टाकत, असं परंपरा सांगते. मी विचारलं तेव्हा सरबतवाले मामाही तेच म्हणाले, आणि वर "रोज भरायचा" अशी पुस्ती जोडली. रोजचं सोडा. पण खिंडीची ती चिंचोळी जागा बघितली की वसुलीला याहून सोयीचं ठिकाण मिळणं कठीण, हे पटतं. लादलेला बैल इथून चुकवून न्यायला दुसरी फटच नाही.

वर नानाचा अंगठा नावाचा कडा, समोर जीवधन आणि त्याच्या शेजारी वानरलिंगीचा सुळका. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले याच मार्गाच्या परिसरात का उभे आहेत, ते वेगळं सांगायला नको.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी जाऊ नका. वाऱ्याने पाणी वर उडवणारा उलटा धबधबा बघायला इतकी गर्दी उसळते की लेण्यात शिरायलाही रांग, शिवाय पायऱ्या शेवाळलेल्या. ऑक्टोबर ते जानेवारी, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी या. उन्हाळ्यात निघालात तर पहाटेच चढायला लागा. माकडांपासून डबे सांभाळा.

जेवण घाटघरात सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जुन्नरच्या लेण्यांकडे वळलात तर उत्तमच. तिथल्या दानलेखांत यवनांचीही, म्हणजे ग्रीकांचीही, नावं आहेत, म्हणजे या वाटेने कोण कोण चढत होतं त्याची यादी पुढे चालूच राहते. घाटघरहून जुन्नरला एसटी मोजक्याच आहेत. वेळ गावात आदल्या रात्रीच विचारून घ्या.