कट-ऑफ ग्रेड मला उशिरा कळली

साखळीजवळच्या लोहखाणीत मी नऊ वर्षं होतो. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. पुढच्या वर्षी बायको-मुलीला घेऊन पर्थला आलो. पिलबरा या ऑस्ट्रेलियातल्या लोहखाणींच्या पट्ट्यात दोन आठवडे काम, मग एक आठवडा घरी. २०१४ साली कर्टिन विद्यापीठात खनिज अर्थशास्त्राच्या मास्टर्सला अर्धवेळ प्रवेश घेतला. तेव्हा वय ३७.

बारा तासांची पाळी संपली की कॅम्पवरच्या खोलीत दोन तास अभ्यास. खाणीच्या मूल्यांकनाच्या पहिल्याच असाइनमेंटमध्ये नापास झालो. भाव आणि खर्च मी महागाई धरून वाढवले होते, डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर, मात्र महागाई वगळलेला लावला होता. त्यामुळे तोट्यातली खाण कागदावर फायद्यात आली. सरांनी समासात एवढंच लिहिलं होतं, "हे डॉलर कोणत्या सालचे?" तेव्हापासून प्रत्येक शीटच्या माथ्यावर मी आधी साल लिहितो.

कट-ऑफ ग्रेड म्हणजे मालात किमान किती टक्के धातू असला तर तो खनिज धरायचा आणि त्याखालचा टाकाऊ, ती रेषा. तिच्यावरचा केनेथ लेन यांचा सिद्धांत शिकलो तेव्हा मात्र झोप उडाली. गोव्यात कट-ऑफ म्हणजे आम्हाला वरून आलेला आकडा. इंडियन ब्युरो ऑफ माइन्स या केंद्र सरकारच्या संस्थेने २००९ मध्ये हेमटाइट या लोहखनिजासाठी ४५ टक्के लोह ठरवलं, आम्ही ते पाळलं. लेन सांगतात, प्लांट भरून चालत असेल तर आज घातलेला कमी लोहाचा प्रत्येक टन मागचा चांगला टन लांबवतो, आणि त्या उशिराचीही किंमत असते. म्हणून सुरुवातीला कट-ऑफ चढा ठेवायचा आणि खाण म्हातारी होत जाईल तसा उतरवायचा. आमच्याकडे पूर्वी टाकाऊ म्हणून फेकलेले डंप पुढे चीनला जाताना मी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामागचं गणित हे होतं!

शेवटच्या प्रकल्पाला मी तेच डंप घेतले. ट्रक, जेटी, मांडवीतली बार्ज, मुरगाव, पुढचं जहाजभाडं, सगळं मांडलं. डिसेंबर २०१५ मध्ये ६२ टक्के लोहाच्या मालाचा भाव टनाला ४० डॉलरच्या खाली गेला आणि माझे सगळे डंप पुन्हा माती झाले. पिलबरातही कंत्राटी माणसं घरी जात होती. त्या महिन्यात मॉडेल उघडायला हात धजावत नसे.

प्रकल्प देण्याआधी आकडे आमच्या जुन्या फोरमनकाकांना फोनवर वाचून दाखवले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मालातलं पाणी धरलंस का रे?"

नव्हतं धरलं. भाव सुक्या टनाचा मिळतो, जहाजाचं भाडं ओल्या टनावर द्यावं लागतं. त्या रात्री शीटमध्ये ओलाव्याचा रकाना घातला आणि सगळं पुन्हा चालवलं.