तांपेरे : दोन तळ्यांमधलं गिरणगाव

फिनलंडमध्ये हेलसिंकीहून गाडीत बसले तेव्हा मनात फक्त तळी होती. तांपेरेला उतरून थोडं चालले तर पूल लागला. खाली खळाळतं पाणी आणि दोन्ही काठांना लाल विटांच्या गिरण्या, धुरांड्यांसकट! कठडा धरून तिथेच उभी राहिले. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. आमच्या घरात वेळ घड्याळावर नाही, भोंग्यावर चालायची.

शहराच्या उत्तरेला नॅसियार्वी, दक्षिणेला प्युहायार्वी. 'यार्वी' म्हणजे तळं. वरच्या तळ्याची पातळी खालच्यापेक्षा १८ मीटरने जास्त, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढी. तेवढ्या उंचीवरून ताम्मेरकोस्की या प्रवाहाचं पाणी भर गावातून खाली येतं. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने १७७९ मध्ये हे शहर वसवलं. १८२० मध्ये जेम्स फिनलेसन हा स्कॉटिश माणूस इथे आला आणि या पाण्याच्या जोरावर त्याने कारखाना काढला. त्याचीच पुढे मोठी कापडगिरणी झाली. तिच्या प्लेव्हना या विणकामाच्या विभागात १८८२ मध्ये विजेचे दिवे लागले, उत्तर युरोपात अगदी सुरुवातीच्या काळात. फिनलंडचं मँचेस्टर म्हणून गाजलेल्या या गावाला लोक अजून लाडाने 'मान्से' म्हणतात. प्लेव्हनात आता सिनेमागृह आहे. साचे गेले, पण भिंती जागच्या जागी आहेत, आणि मला त्याचंच फार अप्रूप वाटलं. आमच्याकडे कितीतरी गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले.

संध्याकाळी पिस्पालाच्या टेकडीवर रायापोर्त्ती या सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानगृहात गेले. १९०६ पासून चालू असलेला हा सार्वजनिक सौना लाकडावर तापतो. तापलेल्या दगडांवर पाणी पडलं की वाफेचा लोट अंगावर येतो. त्या वाफेला 'ल्योल्यु' म्हणतात. बाहेर अंगणात टॉवेल गुंडाळलेली माणसं गार हवेत निवांत गप्पा मारत बसली होती.

पण दुसऱ्या दिवशी आमुरीत जे पाहिलं, त्यासाठी मी पुन्हा तांपेरेला जाईन. ही कामगारांची जुनी वस्ती. तिच्यातली लाकडी घरं आता संग्रहालय म्हणून जपली आहेत. चार खोल्या, चार कुटुंबं आणि मध्ये सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. भिंतीला लागून प्रत्येकीचं वेगळं टेबल, वेगळी भांडी. एका टेबलावर मुलामा उडालेली कॉफीची किटली होती, तिचं झाकण दांड्याला सुतळीने बांधलेलं.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हळूहळू सगळीकडे फिरवला. तिने चारही टेबलं नीट पाहिली. मग विचारलं, "आणि नळ? नळ किती जणींत एक?"