दारात ठेवलेलं खोकं

इथे अमेरिकेत, गेल्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या मोठ्या सणाच्या, आधीच्या सोमवारी संध्याकाळी दार उघडलं, तर पायरीवर एक खोकं. आत राजम्याचे, मक्याचे, टोमॅटोचे बंद डबे, पास्त्याची दोन पाकिटं, टर्कीचं सूप, आणि सगळ्यात वर किराणा दुकानाचं पन्नास डॉलरचं गिफ्ट कार्ड. जुन्या, थरथरत्या वळणाच्या अक्षरात एक चिठ्ठी होती. "तुमच्या घरावर अवघड दिवस आले आहेत हे मला दिसतंय. संकोच करू नका. देव तुमचं भलं करो."

नवऱ्याला वाटलं, चुकून आपल्या दारात ठेवलंय. मला मात्र पहिल्या ओळीतच कळलं. अक्षर उजवीकडच्या घरातल्या आजींचं होतं आणि खोकं आमच्यासाठीच होतं. त्यांनी कुंपणावरून आमचं घर सहा वर्षं पाहिलं होतं. मागे दोरीवर वाळणारे कपडे. हिरवळ उपटून लावलेली मेथी आणि लाल माठ. नवऱ्याचं थंडीतही सायकलनं स्टेशनवर जाणं. दोन माणसांत एकच जुनी गाडी. मी पायरीवर बसून लेकीच्या पँटला लावलेलं ठिगळ. या सगळ्याची बेरीज त्यांनी केली आणि उत्तर आलं: हे लोक गरीब आहेत.

मला रडू आलं. आधी रागानं आलं, मग त्यांच्या चांगुलपणानं आलं. दोन्ही इतकं लागोपाठ की कुठलं कुठे संपलं ते कळलं नाही.

मी पुरंदर तालुक्यातली. कोलोरॅडो राज्यात उंचावर वसलेल्या डेन्व्हरच्या दक्षिणेकडच्या या उपनगरात येईपर्यंत आपण काही वेगळं जगतो असं मला कधी वाटलं नव्हतं. जे हातानं करता येतं ते हातानं करायचं, जे पिकवता येतं ते पिकवायचं, मोडलं तर आधी उघडून बघायचं. माझ्या आजीनं याला काही नाव दिलं नव्हतं. इथे याला होमस्टेडिंग असं नाव आहे, त्यावर लोक व्हिडिओ करतात. पण ते शहराबाहेर पाच-दहा एकर घेऊन राहणाऱ्यांसाठी. एकसारख्या साठ घरांच्या वसाहतीत, समोर कापलेलं गवत असायला हवं तिथे भोपळ्याचा मांडव दिसला, की त्याचा अर्थ वेगळा होतो.

आम्ही पूर्ण स्वयंपूर्ण आहोत असा माझा दावा नाही. तांदूळ, डाळी, तेल विकतच आणतो, घराचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो. पण मे ते ऑक्टोबर भाजी जवळपास घरची असते, टोमॅटो आणि काकड्या बरण्यांत भरून हिवाळाभर पुरवतो, दही, पाव, साबण घरी होतो. या उंचीवर, जिथे मे महिन्याच्या मध्यापर्यंत रात्री गोठवणारी थंडी पडू शकते आणि जूनमधली एक गारपीट वीस मिनिटांत सगळ्या पानांची चाळण करते, तिथे एवढं जमवायला सहा वर्षं लागली. मला त्याचा अभिमान आहे. म्हणूनच ते खोकं इतकं लागलं.

दोरीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंच आहे, कारण सहा वर्षांत सर्वांत जास्त त्रास तिनं दिला.

डेन्व्हरची हवा इतकी कोरडी आहे की जुलैत चादर तासाभरात कडक वाळते. ऊन असं लख्ख की पांढऱ्या कपड्यांना वेगळं काही करावं लागत नाही. सासवडला पावसाळ्यात चार-चार दिवस दमट कपड्यांचा वास सहन केलेल्या बाईला हे ऊन म्हणजे दान वाटतं. आणि या उन्हात घरोघरी लोक दारं बंद करून यंत्रात कपडे भाजतात. पहिल्या उन्हाळ्यात मी मागच्या अंगणात दोन खांबांना नायलॉनची दोरी बांधली. तिसऱ्या आठवड्यात वसाहतीच्या समितीचं पत्र आलं. इथे या समितीला एचओए म्हणतात, आणि घर घेताना तिची नियमांची जाडजूड वही सहीनिशी स्वीकारावी लागते. पत्रात लिहिलं होतं की दोरीमुळे परिसराच्या देखणेपणाला बाधा येते, चौदा दिवसांत काढा.

माझे टॉवेल, माझ्या लेकीचे फ्रॉक, आणि त्यानं परिसराला बाधा. मी ते पत्र दहा वेळा वाचलं असेल. एका बैठकीला गेले तेव्हा एक गृहस्थ अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "वाळत घातलेले कपडे दिसले की घर घ्यायला आलेल्याला वाटतं, ही वस्ती उतरणीला लागली आहे." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. दोरी म्हणजे ड्रायर नाही, ड्रायर नाही म्हणजे पैसे नाहीत, एवढा सरळ हिशोब. शेवटी नवऱ्यानंच शोधून काढलं की कोलोरॅडोच्या कायद्यानुसार आत गुंडाळली जाणारी दोरी असेल तर समितीला तिला सरसकट मनाई करता येत नाही. आता आमच्या भिंतीवर एक डबी आहे. सकाळी दोरी ओढायची, दुपारी सोडायची, सर्रकन आत जाते. कायदा पाळला जातो आणि कपडेही वाळतात. भाजीच्या वाफ्यांचंही तसंच झालं. 2023 मध्ये राज्यानं पाणी वाचवणाऱ्या बागांसाठी कायदा केला आणि समोरच्या अंगणातल्या भाजीला वसाहतीच्या समित्यांनी हरकत घेणं बंद झालं. त्याआधीची चार वर्षं मी कोबी शेवंतीच्या मागे लपवून लावत होते.

हे ऐकून पुण्यातली मावसबहीण म्हणाली, "अमेरिकेत जाऊन दोरीवर कपडेच वाळत घालायचे होते, तर इथे काय वाईट होतं?" मी तिला म्हटलं, आपल्याकडे निदान कुणी गरीब समजून डबे आणून ठेवत नाही. फोन ठेवल्यावर आठवलं, तिच्याच सोसायटीत समोरच्या बाल्कनीत कपडे दिसू नयेत म्हणून फलक लावलाय. आणि मी गेल्या भेटीत स्वतः फरशी पुसायला घेतली तेव्हा सासूबाईंनी घाईघाईनं पडदा ओढला होता, समोरच्यांना दिसू नये म्हणून. तरीही मला वाटतं, आपल्याकडचा शेजारी निदान तोंडावर विचारतो, "काय गं, नोकरी गेली का त्याची?" ते टोचतं, पण उत्तर देता येतं. इथे सहा वर्षं कुणी काही विचारत नाही आणि मग एक दिवस दारात खोकं येतं.

दोन आठवडे ते खोकं फडताळाखाली होतं. मग मी गिफ्ट कार्ड, घरचा पाव आणि टोमॅटोच्या चटणीची बरणी घेऊन आजींकडे गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. आमचं उत्तम चाललंय, हे आम्ही आवडीनं करतो, तुमचे आभार, पण हे खऱ्या गरजूला द्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लाजल्या, माफी मागितली. मग म्हणाल्या, "मी नेब्रास्कातल्या शेतावर वाढले. आम्ही सात भावंडं. हिवाळ्यात आई बाहेर दोरीवर कपडे घालायची आणि ते पाट्यांसारखे गोठायचे. तिच्या बोटांना भेगा पडून रक्त यायचं. घरात पहिला ड्रायर आला तेव्हा ती त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली आणि रडली. तुम्हाला थंडीत दोरीशी उभं पाहिलं की मला तीच दिसायची."

माझं पाठ केलेलं सगळं तिथेच संपलं.

दुसऱ्या महायुद्धात या देशात सरकारनंच लोकांना अंगणात भाजी लावायला सांगितलं होतं. व्हिक्टरी गार्डन म्हणत. सुमारे दोन कोटी बागा होत्या आणि 1944 च्या सुमारास देशातल्या भाजीपाल्याचा जवळजवळ चाळीस टक्के भाग त्यांतून येत होता. आजी तेव्हा सहा वर्षांच्या होत्या, किडे वेचून डब्यात टाकायचं काम त्यांच्याकडे होतं. मी हे सगळं मोठ्या कौतुकानं वाचलेलं. त्यांना त्यातलं कौतुक फारसं आठवत नव्हतं, पाठदुखी आठवत होती. माझी आजी दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन चढण चढायची. दारात नळ आला त्या दिवशी तिनं नळाला हळदकुंकू लावलं होतं. त्या दोघी भेटल्या असत्या तर माझ्या दोरीकडे बघून काय म्हणाल्या असत्या, हा प्रश्न मी बराच काळ टाळला. मला वाटतं, माझी आजी दोरीला हसली नसती. भेगा पडल्या की मी आत जाऊन ड्रायर लावू शकते, तिला आत जाता येत नव्हतं. मी हे चुकवत नाही. पण तेवढ्यासाठी मी दोरीही सोडणार नाही.

डावीकडच्या काकांशी मात्र या जूनमध्ये खरंच भांडण झालं. मी पन्हळीखाली तिसरं पिंप ठेवलं होतं. ते कुंपणाशी येऊन म्हणाले, "दोनच चालतात. आणि दोन्ही मिळून 110 गॅलन." म्हणजे साधारण 416 लिटर. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पाच मिलिमीटरसुद्धा पाऊस पडायची गरज नाही, तेवढ्यात दोन्ही पिंपं भरून वाहतात. बाकीचं पाणी माझ्या डोळ्यांदेखत रस्त्यावर जातं. आणि 2016 पर्यंत तर बहुतेक घरांना एक पिंपही ठेवायची मुभा नव्हती! ज्या गावात पागोळीखाली घमेलं ठेवणं म्हणजे संस्कार, तिथली मी. मी म्हटलं, माझ्या छपरावर पडलेलं पाणी माझं नाही तर कुणाचं?

"माझ्या भावाचं," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. त्यांच्या घरची शेती इथून ईशान्येला, स्टर्लिंगच्या बाजूला, साउथ प्लॅट नदीच्या पाटावर. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीसोबत येत नाही, आधी ज्यानं पाणी वापरात आणलं त्याचा हक्क आधी. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 1882 मध्येच हे पक्कं केलं. टंचाईत जुन्या हक्काच्या माणसानं मागणी केली की नंतरच्यांनी आपापली दारं बंद करायची. इथे वर्षभरात बर्फ धरून जेमतेम 350 ते 400 मिलिमीटर पाणी पडतं. वरच्या अंगाला शहरात लाखो घरं आहेत, प्रत्येकानं पिंपं भरली तर नदीत उतरणारं पाणी कमी होणार, अशी खालच्या शेतकऱ्याची भीती.

पाळीच्या पाण्यासाठी रात्री पाटावर बसलेले माझे वडील मला आठवले. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्याचं दुःख मला शिकवायला नको होतं. पण मीही गप्प बसले नाही. मी त्यांना आमच्या पुरंदरमधल्या नायगावची पाणी पंचायत सांगितली. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे सुरू केलेलं काम. पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं. माणशी अर्ध्या एकरापुरतं. ज्याच्याकडे जमीनच नाही त्यालाही वाटा. उसाला पाणी नाही. तुमच्याकडे पहिला आला तो धनी, आमच्याकडे जन्माला आला तो वाटेकरी, असं मी अगदी ताठ मानेनं म्हटलं.

त्यांनी नीट ऐकलं, दोनदा थांबवून विचारलं, मग म्हणाले, "चांगलं आहे. मग आता तुमच्या सगळ्या राज्यात असंच असेल?"

मला नाही म्हणावं लागलं. ऊस कुठे कुठे पोचलाय ते तुम्हाला माहीत आहे. तिसरं पिंप मी उलटं करून त्यात माती भरली, त्यात बटाटे लावले.

काकांना माझं समोरचं अंगण अजूनही आवडत नाही, ते तसं सांगतातही, आणि मला ते चिठ्ठीपेक्षा बरं वाटतं. आजी मात्र ऑगस्टमध्ये आपणहून आल्या. भरलेल्या बरण्या टिकाव्यात म्हणून उकळत्या पाण्यात ठेवताना मी पुस्तकातली वेळ लावते हे त्यांनी कुंपणावरून ऐकलं होतं. या उंचीवर पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे समुद्रसपाटीची वेळ इथे पुरत नाही, मिनिटं वाढवावी लागतात. टोमॅटोत लिंबाचा रस मोजून घालायचा, अंदाजानं नाही. माझ्या मागच्या वर्षीच्या दोन बरण्यांची झाकणं त्यांनी बोटानं दाबून पाहिली आणि न विचारता त्या बरण्या कचऱ्यात टाकल्या. मला क्षणभर राग आला. मग आम्ही तीन तास उभ्यानं काम केलं, त्यांनी झाकणं पुसली, मी भरलं.

परवा रात्री नऊला त्यांचा फोन आला. "आज गोठणार आहे. टोमॅटो काढ." मी आणि लेक टॉर्च घेऊन बाहेर गेलो. हात इतके गार पडले की देठ सुटेनात. मागून कुंपणाचं दार वाजलं, आजी हातमोजे आणि एक रिकामं खोकं घेऊन उभ्या होत्या. खोकं तेच होतं की दुसरं, ते अंधारात मला दिसलं नाही. आम्ही त्यात हिरवे टोमॅटो भरत राहिलो.